कोऱ्या नळीशी काय बोलायचं

३ मार्च

पेटी आली! सकाळी साडेनऊला मागच्या दाराशी गाडी लागली, दोघांनी पेटी उतरवली, मी सही केली. झाकण उघडल्यावर कोरड्या बर्फाची वाफ बाहेर आली तेव्हा डॉक्टरबाईंनी चक्क टाळी वाजवली. एवढ्या शिकलेल्या बाई, अख्खी प्रयोगशाळा चालवतात, पण पेटी आली की लहान मुलीसारख्या होतात.

ही वही कामावरचीच, अर्धी कोरी राहिलेली. बायको म्हणते, "तुमची ती लाळ आणि शी जेवताना नको. कुठेतरी लिहून ठेवा आणि मोकळे व्हा." म्हणून हा खटाटोप. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांचं रक्त, लाळ आणि शी नळ्यांत भरतोय, नळ्या उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये लावतोय आणि तपासायची वेळ आली की उघडून यंत्रासाठी तयार करतोय. मला इथे सगळे नळीकाका म्हणतात. मोठं यंत्र चालवणारे वेगळे, अहवाल लिहिणारे वेगळे. पण माझ्या हातातून गेल्याशिवाय कुणाचं पान हलत नाही.

पेटीतल्या नळ्या वरच्या बाईंच्या. पाच महिने झाले, त्या पृथ्वीभोवती फिरणाऱ्या त्या स्थानकात आहेत, आणखी पाच जणांबरोबर. नाव घ्यायला मनाई नाही, पण पहिल्या दिवसापासून आम्ही त्यांना वरच्या बाईच म्हणतो, जणू वरच्या मजल्यावर भाड्याने राहतात. त्यांची मुदत एप्रिलात संपते. त्यांनी वर्षभर राहू द्या म्हणून मागितलंय. आमच्याकडून अजून कुणी वर्षभर राहिलेलं नाही. २८ तारखेला बैठक आहे, आणि त्यांच्या अंगातले रोगाशी लढणारे पहारेकरी जागे आहेत की झोपलेत, आतड्यातले जंतू टिकलेत की नाही, हे आमच्या अहवालावरून ठरणार.

त्यांना मी एकदाच भेटलोय, जायच्या आधी नमुने द्यायला आल्या होत्या तेव्हा. लोक ती डबी देताना मान फिरवतात, छताकडे बघतात, उगाच खोकतात. बाईंनी दोन्ही हातांनी डबी पुढे केली आणि म्हणाल्या, "काका, माझी सगळी मंडळी आहेत यात. सांभाळा." त्या दिवसापासून आपण त्यांचे भक्त.

बायकोचं टुमणं चालूच आहे. तुमचे थोरले दादा गेल्यापासून एक दिवस सुट्टी घेतली नाहीत, आता तरी घ्या. पेटी आली असताना? काहीतरीच.

६ मार्च

शीचे आकडे आले. पोटात शेकडो जातींची वस्ती असते. काही पचवतात, काही नुसत्या जागा अडवतात म्हणून वाईट मंडळींना शिरायला वाव मिळत नाही. अंगाच्या पहारेकऱ्यांना शिकवून तयार करणंही बरंचसं त्यांच्याच हातात. वर गेल्यावर ही वस्ती विरळ होते. तेच ते बंद पाकिटातलं खाणं, गाळून गाळून घेतलेली हवा, माती नाही, कुत्रं नाही, भाजीवाल्याचा हात लागलेलं काही नाही. बाईंच्या वस्तीतली पाचातली एक जात डिसेंबरअखेर गायब झाली. बाकीच्या टिकून आहेत. मला तर कमालच वाटते. वजन नाही, दिवसाला सोळा वेळा सूर्य उगवतो, आणि ही बिनडोळ्यांची मंडळी आपापलं काम करतायत. सलाम ठोकावासा वाटतो.

मानेवरून फिरवलेल्या कापूसकाड्याही उघडल्या. नियम असा की डावी बाजू एक नळी, उजवी बाजू एक नळी. डाव्या सगळ्या छान. उजव्या नळ्यांत जानेवारीपासून जवळपास काहीच नाही, कापूस टेकवला न टेकवला एवढंच. डॉक्टरबाईंनी कपाळाला आठी घातली. मी म्हटलं, "अहो, तरंगत तरंगत मान पुसायची म्हणजे सोपं आहे का? शिवाय बाई स्वच्छ. घासून घासून ठेवत असतील."

उजव्या बरगडीखाली आग होतेय. बर्फाची पेटी एकट्याने सरकवली त्याचा प्रताप.

९ मार्च

आज लाळेच्या नळ्या. पंधरवड्याला एक, अशा दहा. प्रत्येक लेबलावर तारीख, वेळ, मिनिट, सेकंदसुद्धा. असलं नेटकं अक्षर मी एकतीस वर्षांत बघितलं नाही, आणि तेही तरंगत लिहिलेलं.

खरं सांगायचं तर मी नळ्यांशी बोलतो. कुणी नसलं की. "या बाई, कशा आहात? झोप लागते का वर?" असं विचारत झाकण उघडतो. मास्कमुळे चष्म्यावर वाफ धरते आणि लेबल दिसत नाही, म्हणून मास्क जरा हनुवटीवर ओढतो, नळी जवळ आणून वाचतो, मग पुढचं काम. डॉक्टरबाईंनी दोनदा हटकलंय. पण सवय ती सवय.

दर वेळी एक कोरी नळीही उघडायची असते, नुसत्या पाण्याची. आमच्याकडून काही घाण शिरली तर तिच्यात सापडते, असा हिशोब. ती मी सकाळी सगळ्यात आधी उरकली.

आग वाढलीय. शर्ट घासला तरी नको होतं. बायकोने मलम दिलं, मी शर्टाच्या आतून हात घालून चोळलं. बघू द्या म्हणाली. म्हटलं, बघण्यासारखं काय आहे तिथे?

१२ मार्च

वाईट बातमी. बाईंच्या लाळेत नागिणीचा विषाणू सापडला, दहाही नळ्यांत आणि भरपूर. लहानपणी कांजिण्या होऊन जातात, विषाणू मात्र जात नाही, तो मज्जातंतूंत दडी मारून बसतो. अंगातले पहारेकरी पेंगायला लागले की उठतो आणि अंगावर फोडांचा पट्टा काढतो. वर गेलेल्यांच्या लाळेत तो अधूनमधून दिसतो हे आम्हाला माहीत आहे. "पण इतका?" डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पार उतरला होता. "आणि पहिल्या पंधरवड्यापासून सारखाच? चढ नाही, उतार नाही?"

त्यांनी कोऱ्या नळीचा आकडा बघितला. शून्य. म्हणजे आमची चूक नाही. मग त्यांनी वरच्या मोहिमेच्या डॉक्टरांना फोन लावला. फोन ठेवून म्हणाल्या, "काका, अहवाल असाच गेला तर एप्रिलच्या यानाने त्यांना उतरवणार. वर्ष विसरा."

मला इतका राग आला, कुणाचा ते कळेना. बिचारीने काय घोडं मारलं होतं? पाच महिने मिनिट-सेकंद लावून नळ्या भरल्या, आणि बक्षीस हे. घरी येऊन जेवलो नाही.

१४ मार्च

आज बायकोने ऐकलंच नाही. शर्ट वर केला आणि किंचाळली. "अहो, ही नागीण आहे! पाठीपासून पोटापर्यंत पट्टा आलाय. आणि हा माणूस मलम चोळतोय!" तशीच मला दवाखान्यात घेऊन गेली. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी एका नजरेत सांगितलं. गोळ्या दिल्या, आठवडाभर घरी बसायला सांगितलं. विचारलं, "हल्ली काही ताण? घरात काही झालंय?" मी म्हटलं, काही नाही. बायको माझ्याकडे बघत राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, "दोन महिने दवाखान्यात दादांच्या उशाशी बसलात. अकराव्याच दिवशी कामावर. आणि म्हणे काही नाही." मी रिक्षा थांबवली आणि विषय बदलला. त्याचा न् याचा काय संबंध?

गंमत बघा, मलाही तेच आणि वरच्या बाईंनाही तेच. एकाच दुखण्याचे सोबती झालो.

१५ मार्च

गंमत कसली. अंघोळ करताना लख्ख कळलं आणि मी तसाच स्टुलावर बसून राहिलो.

नागीण झालेल्या माणसाच्या लाळेतही तो विषाणू असतो. नऊ तारखेला माझी आग चालू होती. मास्क हनुवटीवर होता. आणि मी दहाही नळ्यांशी, तोंडाजवळ धरून, झाकण उघडं ठेवून, गप्पा मारल्या. दहाही नळ्यांत सारखाच. चढ नाही, उतार नाही.

आणि कोरी नळी कोरी का? कारण तिच्याशी मी बोललो नाही. नुसत्या पाण्याशी काय बोलायचं?

१६ मार्च

कदाचित नसेलही माझा. बाईंचाही असू शकतो. मी कोण ठरवणारा? अहवाल डॉक्टरबाईंचा, यंत्र यंत्रवाल्यांचं. मी नळ्यांवाला. एकतीस वर्षांत एक नळी सांडली नाही, एक लेबल चुकलं नाही. वर्षाने निवृत्ती आहे. समारंभात काय सांगतील? ह्यांनी वरच्या बाईंच्या लाळेत स्वतःची मिसळली?

शिवाय बाई लवकर खाली आल्या तर त्यांच्याच तब्येतीला बरं. असाही विचार करून बघितला. लिहिताना लाज वाटतेय, पण केला.

१८ मार्च

दहा दिवस राहिले बैठकीला. तीन दिवस मी सकाळी ठरवतो आणि दुपारी ढिला पडतो.

बायको शिवणयंत्रावर बसली होती. पाय न थांबवता म्हणाली, "नक्की काय झालंय? नागीण झालेली माणसं कण्हतात. तुम्ही तर चोरी केल्यासारखे बसलाय." सांगितलं सगळं. वाटलं, धीर देईल, म्हणेल, जाऊ द्या, कुणाला कळणार आहे. तिने यंत्र थांबवलं. "त्या बाईला इथे बसून काहीच करता येत नाही हो," ती म्हणाली. "तिच्या बाजूचं एवढंच कुणीतरी बोलायला हवं, आणि ते तुम्हालाच माहितीये. उठा."

मी तिला वीस वर्षं सांगत आलोय की तुला माझ्या कामातलं काही कळत नाही.

१९ मार्च

फोन केला. डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मास्क?" मी म्हटलं, हनुवटीवर. "काका, तुम्हाला दोनदा सांगितलं होतं." हो म्हटलं. नंतर त्यांचा आवाज बदलला. "तुमची लाळ हवी मला. आत्ता. घरी गाडी पाठवते. तब्येत कशी आहे?" एवढ्यातही तब्येत विचारली.

प्रत्येक नमुन्याची एक जोडनळी असते, सील केलेली, दुसऱ्या फ्रीझरमध्ये, माझा हात न लागलेली. बाईंनी नमुना वरच दोन नळ्यांत वाटून ठेवलेला असतो. ती आता डॉक्टरबाई स्वतः उघडणार.

२४ मार्च

माझाच. विषाणूच्या बारीकसारीक खुणा माझ्या लाळेतल्याशी तंतोतंत जुळल्या. बाईंच्या जोडनळ्यांत नागीण नाही. एकाही नळीत नाही!

मी स्वयंपाकघरात एकटाच नाचलो. बरगडीत कळ गेली तरी नाचलो. बायको म्हणाली, "पकडले गेल्यावर नाचणारा पहिलाच माणूस बघितला."

नवा अहवाल आज गेला. पहारेकरी थोडे सुस्त, वस्ती थोडी विरळ, पण काळजी करण्यासारखं काही नाही. म्हणजे वर्ष मिळणार. माझी रीतसर चौकशी होईल. होऊ दे.

अहवालाला उशीर का झाला, हे डॉक्टरबाईंनी वरच्या बाईंनाही कळवलं. माझं नाव घातलं का विचारलं. "घातलं," म्हणाल्या. "आणि तुम्ही स्वतः सांगितलंत हेही घातलं."

२६ मार्च

अक्षर बघा कसं झालंय.

अकरा वाजता घरचा फोन वाजला. आधी खरखर. मग, "नळीकाका? मी बोलतेय." मी उभा राहिलो. फोनवर कोण उभं राहतं? मी राहिलो.

मी माफी मागायला लागलो तर म्हणाल्या, "थांबा, माझं ऐका आधी. आठच मिनिटं आहेत. काका, काल मी मोहिमेच्या डॉक्टरांना कळवलं. माझ्या मानेवर उजव्या बाजूला चट्टा आहे, जानेवारीपासून. खाजतो, सुकतो, परत येतो. आता कानामागे गेलाय. मी कॉलर वर करून कॅमेऱ्यासमोर बसत होते."

उजव्या नळ्या! आणि मी म्हटलं होतं, बाई स्वच्छ.

"कोणी खाली आणू नये म्हणून लपवला," त्या म्हणाल्या. "पण तुमचं वाचलं आणि झोप लागेना. एकतीस वर्षांची नोकरी पणाला लावून एक माणूस माझ्यासाठी खरं बोलतो, आणि मी त्याच अहवालावर खोटी निरोगी म्हणून वर्षभर राहणार?"

मी म्हटलं, "अहो पण बाई, मी तुम्हाला राहता यावं म्हणून बोललो!"

त्या हसल्या. मग हसता हसता आवाज फुटला. "माहितीये मला," म्हणाल्या. "म्हणून तर."

२८ मार्च

बैठक झाली. चट्टा कशाचा आहे, हे वर ठरवता येत नाही, आणि सुस्त पहारेकऱ्यांच्या भरवशावर आणखी सहा महिने तो वाढू देता येत नाही. बाई एप्रिलच्या यानाने खाली येणार. वर्ष गेलं.

मला रडू आलं. सरळ सांगतो, आलं.

पण आज डॉक्टरबाई घरी आल्या, माझी चौकशी करायच्या निमित्ताने, आणि टेबलावर संगणक उघडला. बाईंनी चट्टा लपवला होता खरा. पण ९ जानेवारीपासून रोज त्याचा फोटो काढला होता. शहात्तर फोटो. प्रत्येकात शेजारी पट्टी धरलेली, तारीख, वेळ, मिनिट, सेकंद. एक दिवस चुकलेला नाही. सगळ्यांपासून लपवलं आणि मोजणं मात्र सोडलं नाही. या बाईला काय म्हणावं? मी तर हातच जोडले.

"बघा आता," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि फोटोंच्या तारखांखाली त्यांनी बाईंच्या शीच्या नळ्यांच्या तारखा लावल्या. पोटातली वस्ती विरळ झाली डिसेंबरअखेर. मानेवर पहिला ठिपका आला त्यानंतर बारा दिवसांनी. फेब्रुवारीत वस्ती थोडी सावरली, तेव्हा चट्टाही सुकला. मार्चमध्ये पुन्हा चिघळला. मार्चच्या नळ्या अजून वरच आहेत, बाईंबरोबर येतील.

"एकाच माणसाचं आहे," त्या म्हणाल्या, "योगायोगही असेल. पण पोट आधी बोलतं आणि कातडी नंतर, असं असेल तर पुढच्या प्रत्येकाला आपण वेळेत सावध करू शकू. हे आपल्याला कधी दिसलंच नसतं, काका. तुम्ही दोघंही गप्प बसला असतात तर."

बायको चहा घेऊन आली होती. ती कप हातात धरून उभीच राहिली.

७ एप्रिल

कामावर रुजू. खपल्या पडल्या. चौकशी संपली. सहा महिने नळ्या उघडायला मनाई. रक्त काढायला मनाई नाही. मी ओरडा खाऊन बाहेर आलो तर यंत्रवाल्यांनी माझ्या खुर्चीवर लहान मुलांच्या बोलक्या बाहुलीचं खोकं ठेवलं होतं. चिठ्ठी: "हिच्याशी बोला." नालायक लेकाचे. खोकं घरी आणलंय.

संध्याकाळी बायकोला म्हटलं, रविवारी दादाच्या घरी जाऊ, वहिनीला भेटू. ती लगेच पिशवीत नवा शर्ट भरायला लागली.

२२ एप्रिल

त्या आल्या. उतरून चारच दिवस झालेत. दोन्हीकडून दोघांनी धरलं होतं, पाऊल टाकताना जमिनीकडे बघत होत्या, जणू ती सरकेल. चेहरा ओढलेला, ओठ फाटलेले. खुर्चीत बसवलं तर आधी मान टेकवून डोळे मिटले. मग मला बघितलं. "काका, तुम्ही बारीक झालात," म्हणाल्या. मी म्हटलं, हे मी तुम्हाला म्हणायचं, तर तुम्हीच मला म्हणताय!

चट्टा फिका पडलाय. खालच्या हवेने की औषधाने, अजून कुणाला माहीत नाही.

मी पट्टा बांधला, शीर शोधली. रक्ताच्या आठ नळ्या भरायच्या होत्या. तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं. "काका, खरं सांगा. मला परत पाठवतील?"

डॉक्टरबाई खिडकीकडे बघायला लागल्या. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पाठवतील की, तुम्हाला नाही तर कुणाला? त्या माझ्याकडे बघत होत्या. "बाई, मला माहीत नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. डोळे भरून आले, आणि त्यांनी ते पुसले नाहीत. वर म्हणे रडलं तरी पाणी खाली येत नाही, डोळ्यालाच गोळा होऊन चिकटतं. इथे ते गालावरून घरंगळलं, हनुवटीवरून खाली मांडीवर पडलं. बाईंनी त्या ओल्या डागाकडे बघितलं, बोट लावून बघितलं.

"पडलं की हो खाली," त्या म्हणाल्या, आणि रडता रडता हसायला लागल्या. मग बाही आणखी वर सारून त्यांनी हात माझ्यापुढे धरला.